एसीसीत सगळ्यात फास्ट जीटी३ गाडी कोणती?

एका नव्या खेळाडूने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने हा कार रेसिंगचा गेम, म्हणजे आपली एसीसी, घेऊन काही महिने झाले. त्यात जीटी३ या वर्गातल्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या, रेसच्या गाड्या चालवतो. गेमचं व्हील लॉजिटेक जी२९. लीडरबोर्डवर वरच्या रांगेत फेरारी २९६ दिसली म्हणून तीच निवडली. इटलीतल्या मोंझा ट्रॅकला एकटा चालवताना लॅपला १:५० (एक मिनिट पन्नास सेकंद) च्या आसपास वेळ येते, पण ऑनलाइन रेसमध्ये पहिल्या दोन लॅपमध्येच गाडी गरकन फिरते. मग मॅक्लॅरन घेतली, मग पोर्शे, आता पुन्हा फेरारी. शेवटी विचारलंय, "दादा, जीटी३ मध्ये सगळ्यात फास्ट गाडी कोणती ते एकदाच सांगून टाका."

एकदाच सांगतो: तुझ्यासाठी आज बीएमडब्ल्यू एम४ जीटी३. ती नको वाटली तर ॲस्टन मार्टिन व्ही८ व्हँटेज. एवढ्यावर थांबलास तरी चालेल. पण कारण कळलं नाही तर पुढच्या महिन्यात कुणीतरी यूट्यूबवर लॅम्बोर्गिनीचा व्हिडिओ टाकेल आणि तू पुन्हा गाडी बदलशील. आमची ऑनलाइन रेसची लीग चालवताना हा प्रकार दर सीझनला बघतो.

आधी तुझा प्रश्न जरा नीट मांडू. मोंझाला १:५० काढणाऱ्याला वेगाची अडचण नाही. वरची मंडळी १:४७ किंवा त्याच्याही खाली जातात हे खरं, पण पब्लिक सर्व्हरवर १:५० ने सलग पंधरा लॅप मारणारा माणूस आरामात वरच्या निम्म्यात येतो. तुझी गोची 'सलग' या ठिकाणी आहे. एकटा चालवताना टायर तापलेले असतात, टाकीत इंधन कमी असतं, समोर स्वच्छ हवा असते आणि चुकलास तर एस्केप दाबून पुन्हा सुरुवात करता येते. रेसच्या पहिल्या लॅपला यातलं काहीच नसतं. टाकी भरलेली, टायर आणि ब्रेक पुरते तापलेले नाहीत, आणि तू कुणाच्या तरी बंपरला चिकटून मोंझाच्या पहिल्या वळणाकडे, प्रीमा व्हेरियान्तेकडे, निघालायस. पुढच्या गाडीने हवा फाडलेली असल्यामुळे तुझ्या नाकावर डाउनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर, कमी. एकटा असताना जिथे ब्रेक दाबतोस तिथेच दाबलास की गाडी थांबत नाही, तू घाबरून आणखी वळवतोस, ब्रेक सोडतोस आणि मागची बाजू निसटते. ही सगळी गडबड तुझ्या हाताखालची गाडी किती पोटात घालते, हा खरा प्रश्न. लीडरबोर्ड त्याचं उत्तर देऊच शकत नाही, कारण तिथे प्रत्येकाची फक्त एक लॅप दिसते, तीही त्याच्या आयुष्यातली सर्वात चांगली.

'सगळ्यात फास्ट' या शब्दांना जीटी३ मध्ये फारसा अर्थ का नाही, तेही सांगतो. स्टेफान राटेल यांच्या एसआरओने २००६ मध्ये हा वर्ग उभा केला तोच मुळी वेगवेगळ्या घडणीच्या गाड्या एकत्र पळवता याव्यात म्हणून. पुढे व्ही८ असलेली मर्सिडीज, मध्ये व्ही१० असलेली लॅम्बोर्गिनी आणि मागे फ्लॅट-सिक्स लटकवलेली पोर्शे एकाच ग्रिडवर आणायची तर कुणाचं वजन वाढवावं लागतं, कुणाची ताकद आवळावी लागते, कुणाची उंची बदलावी लागते. याला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणतात, बोली भाषेत बीओपी. एसीसी हा २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला गेम एसआरओच्याच जीटी३ मालिकेच्या अधिकृत परवान्यावर बनलेला आहे, त्यामुळे बीओपी गेममध्येही आहे. काही गाड्या काही ट्रॅकवर पुढे असतातच, ते कुणी नाकारत नाही. पण मुरलेल्या चालकांच्या हातात तो फरक दशांशांचा असतो, आणि तुझ्या दोन लागोपाठच्या लॅपमध्येच सेकंदाचा फरक पडत असणार. तो सेकंद आधी गोळा कर. शिवाय ऑनलाइन रेस भरवणाऱ्या लो फ्युएल मोटरस्पोर्टसारख्या ठिकाणी ट्रॅकनुसार स्वतःचं वजन लावतात, आमच्यासारख्या लीगमध्ये जिंकणाऱ्याच्या गाडीवर पुढच्या रेसला बॅलास्ट, म्हणजे जादा वजन, चढतं. म्हणजे आजची 'मेटा', म्हणजे सगळ्यांना सर्वात फायद्याची वाटणारी, गाडी दोन आठवड्यांनी असेलच असं नाही.

आता माझं उत्तर कशाकशावर अवलंबून आहे ते. तू व्हीलऐवजी कंट्रोलर वापरत असतास तर पुढे इंजिन असलेल्या गाडीचा आग्रह आणखी जोरात धरला असता. लोड-सेल ब्रेक (पायाचा जोर मोजणारा) आणि डायरेक्ट ड्राइव्ह व्हील (थेट मोटरवर बसवलेलं) असतं तर थोडा सैल सोडला असता, कारण मग मागची बाजू सुटायला लागल्याचं हाताला लवकर कळतं. फक्त वीस मिनिटांच्या स्प्रिंट रेस करणार की दोन तासांच्या, पावसात उतरणार का, लीगचं कॅलेंडर मोंझा-स्पासारखं लांब सरळ रस्त्यांचं आहे की हंगारोरिंग-मिसानोसारखं वळणाचं, यानेही फरक पडतो. यातलं तू काहीच लिहिलेलं नाहीस, म्हणून मी जी२९, छोट्या रेस आणि मिश्र ट्रॅक असं धरून चाललोय.

गाडी निवडताना मी पहिलं काय बघतो? इंजिन कुठे आहे. हॉर्सपॉवर, आवाज, लिव्हरी सगळं नंतर. इंजिन म्हणजे गाडीतलं सगळ्यात जड बोचकं, आणि ते कुठे ठेवलंय त्यावर ठरतं की तू चुकलास की गाडी काय करणार.

एम४, ॲस्टन, मर्सिडीज-एएमजी, बेंटली या पुढे इंजिनवाल्या गाड्या. लोकांना वाटतं की यांचं नाक जड असणार आणि त्या वळणारच नाहीत. तसं नसतं. रेसच्या गाडीत इंजिन जमेल तितकं मागे, फायरवॉलकडे ढकललेलं असतं, आणि एम४, ॲस्टन, एएमजी या तिन्हींत गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलपाशी बसवलेला असतो. म्हणजे वजन दोन टोकांना वाटलेलं. दोन टोकांना वजन असलेली वस्तू फिरायला वेळ घेते. मागची बाजू सुटली तरी ती हळू सुटते, आणि तुझ्या हाताला उलट स्टिअरिंग द्यायला उसंत मिळते. किंमत काय? एपेक्सकडे, म्हणजे वळणाच्या सर्वात आतल्या बिंदूकडे, जाताना नाक थोडं आळशी वाटतं. जास्त वेगात घुसलास तर गाडी सरळ जाते, रुंद जाते, दोन-तीन दशांश जातात. पण तू रेसमध्ये राहतोस.

फेरारी, लॅम्बोर्गिनी, ऑडी, मॅक्लॅरन, होंडा या मध्ये इंजिनवाल्या. सगळं वजन गाडीच्या पोटात. म्हणून वळायला चपळ. स्टिअरिंग हलवलं की नाक तिकडे. २९६ लीडरबोर्डवर दिसते ती याच गुणामुळे: ब्रेक हळूहळू सोडत गाडीला एपेक्सवर फिरवण्याची कला ज्याला जमते, त्याला ही गाडी भरभरून देते. पण जी गाडी फिरायला लवकर सुरुवात करते ती थांबायला तयार नसते. सुटली की सुटली. मोंझाच्या आस्कारी या डाव्या-उजव्या वळणांच्या जोडकामात हे स्वच्छ दिसतं. पहिल्या डाव्या वळणात शिरताना जरासा ब्रेक लागलेला असतो, वेग भरपूर असतो, आणि समोरच्याच्या फाटलेल्या हवेमुळे नाक रुंद जातंय असं वाटून माणूस ॲक्सिलरेटर झटकन सोडतो. वजन पुढे येतं, मागचे टायर हलके होतात आणि गाडी आतल्या बाजूला तोंड करून गवतात. एम४ मध्येही हीच चूक केलीस तर पोटात गोळा येईल, पण बहुतेक वेळा गाडी हातात राहील. मॅक्लॅरन ७२०एस बद्दल वेगळं सांगायला हवं: तिचं नाक किती खाली-वर होतंय यावर तिची पकड फार बदलते, आणि उंच कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) नेलं की ती रुसते. मोंझाच्या शिकेनमध्ये, म्हणजे लागोपाठच्या नागमोडी वळणांत, सगळा खेळच कर्बवर चढण्याचा आहे, म्हणजे तू नेमकी चुकीच्या ठिकाणी तिची परीक्षा घेतलीस.

मग पोर्शे ९११. ही एकटीच मागे इंजिनवाली, म्हणजे मागच्या ॲक्सलच्याही मागे. सायकलच्या कॅरिअरवर गॅसचा सिलिंडर बांधून उतारावर वळण घेतलं असशील तर पोर्शे समजायला वेळ लागणार नाही. वळणात मध्येच कच खाऊन वेग सोडलास की सिलिंडर ठरवतो कुठे जायचं. उलट बाहेर पडताना तेच वजन मागच्या टायरवर बसतं आणि गाडी अशी सुटते की बाकीचे बघत राहतात. ब्रेकलाही मागचे टायर जास्त मदत करतात. म्हणूनच पोर्शेतला ब्रेक बायसचा, म्हणजे ब्रेकचा किती टक्के जोर पुढच्या चाकांवर जातो त्याचा, आकडा पुढे इंजिनवाल्या गाड्यांपेक्षा बराच कमी असतो. तू एका गाडीतला बायसचा आकडा लक्षात ठेवून दुसऱ्या गाडीत तसाच लावत असशील तर ते लगेच बंद कर. मला स्वतःला पोर्शे फार आवडते, आणि तरीही नव्या माणसाला देत नाही. नाक हलकं असल्यामुळे ब्रेक लवकर सोडला तर ती वळत नाही आणि मध्येच सोडला तर जास्त वळते. ब्रेकवरचा पाय पक्का झाला की मग तिच्याकडे जा, आयुष्यभराची सोबत होईल.

दुसरी गोष्ट फार कमी लोक बघतात, ती म्हणजे स्टिअरिंग किती फिरतं. एसीसीत प्रत्येक गाडीचं स्टिअरिंग खऱ्या गाडीइतकंच फिरतं. जुन्या फेरारी ४८८ ला एकूण ४८० अंश, पोर्शे ९११ ला ८००. एकीकडे मनगट हललं की वळण झालं, दुसरीकडे हात ओलांडायची वेळ येते. तू दर आठवड्याला गाडी बदलतोस तेव्हा तुझ्या हातांनी जमवलेली सगळी मोजमापं दर आठवड्याला खोटी ठरतात. स्पिन सावरताना विचार करायला वेळ नसतो, हात सवयीने हलतो, आणि सवय मागच्या गाडीची असते. दोन लॅपमध्ये फिरण्यामागे हेही एक कारण असणार. बसण्याची जागाही तशीच. मर्सिडीजमध्ये चालक इतका मागे बसतो की लांबलचक बॉनेटच्या पलीकडे एपेक्स कुठे आहे त्याचा अंदाज यायला काही दिवस जातात. गाडी फार सालस आहे, आवाज तर विचारूच नको, पण त्या बॉनेटमुळे मी तुझ्यासाठी तिला तिसऱ्या नंबरवर ठेवतो. बेंटली सालस आहे पण इतकी अवाढव्य की पहिल्या वळणाच्या गर्दीत लोक तुला भिंत समजून आपटतात. हौस म्हणून चालव.

आता हे सगळं माझ्या शब्दावर मानू नकोस, स्वतः तपास. पद्धत सांगतो, एक संध्याकाळ पुरेल. मोंझाच घे, कारण तो तुला पाठ आहे. तीन गाड्या: एम४, ॲस्टन आणि तुझी २९६. सेटअप गेममधलाच, तोही 'सेफ' नावाचा. विकतचा किंवा कुणाचा डाउनलोड केलेला नको, कारण तो त्या माणसाच्या पायासाठी केलेला असतो. हॉटलॅप मोड (एकट्याने एक वेगवान लॅप काढण्याचा) उघडूच नकोस. क्विक रेस लाव, एआयची (गेम स्वतः चालवतो त्या गाड्यांची) ताकद ९० च्या आसपास, पंचवीस मिनिटांची रेस, आणि तू ग्रिडच्या शेवटी. म्हणजे भरलेली टाकी, थंड टायर, गर्दी आणि फाटकी हवा हे चारही पाहुणे आपोआप हजर. प्रत्येक गाडीत एक रेस पूर्ण कर आणि नंतर निकालाच्या पडद्यावर लॅपच्या वेळा बघ. सर्वात चांगली वेळ बघायचीच नाही. पहिली लॅप सोडून बाकीच्यांची सरासरी काढ, सर्वात वाईट लॅप आणि सर्वात चांगली लॅप यांतलं अंतर काढ आणि ट्रॅक लिमिटच्या, म्हणजे ट्रॅकची हद्द ओलांडल्याच्या, किती वॉर्निंग आल्या ते मोज. माझा अंदाज आहे की २९६ ची एखादी लॅप तिन्हींत सर्वात फास्ट येईल आणि सरासरीत ती शेवटी असेल. तसं झालं नाही, २९६ ची सरासरीही चांगली आली आणि अंतरही कमी निघालं, तर माझं ऐकू नकोस, फेरारी ठेव. गाडी तुझी आहे.

एक सूचना: तिन्ही रेस एकाच दिवशी केल्यास तर दोन दिवसांनी उलट्या क्रमाने पुन्हा कर. तिसऱ्या रेसपर्यंत ट्रॅकचा हात बसलेला असतो आणि शेवटी चालवलेली गाडी उगाच चांगली वाटते.

रिप्ले जरूर बघ, पण अपघाताचा क्षण बघू नकोस, त्याच्या आधीचा एक सेकंद बघ. पडद्यावर पेडलच्या पट्ट्या लावता येतात. ब्रेकची लाल पट्टी उतरताना बघ: उतारासारखी हळू खाली येतेय की दांडी मारल्यासारखी एकदम शून्यावर? जी२९ च्या ब्रेकमध्ये आत एक रबरी ठोकळा असतो, त्यामुळे शेवटचा भाग दाबायला फार ताकद लागते. माणूस पूर्ण जोर लावतो आणि मग सोडतानाही एकदम सोडतो. त्यात खुर्ची चाकांची असेल तर ब्रेक दाबल्यावर ती मागे सरकते, पाय लांब होतो आणि दर वळणाला ब्रेक वेगळा लागतो. आमच्या लीगमधले निम्मे नवे लोक खुर्चीची चाकं काढून किंवा मागचे पाय भिंतीला टेकवून सुधारले आहेत. हे विनोदाने लिहीत नाहीये. गेमच्या सेटिंगमध्ये ब्रेक गॅमा असतो, तोही तपास, म्हणजे पेडल दाबायला सुरुवात होते त्या भागात जास्त बारीक नियंत्रण मिळेल.

एम४ घेतलीस की पहिल्या दिवशी एवढंच कर. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) सेटअपमध्ये आहे त्याच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या जास्त ठेव आणि ते कमी-जास्त करायची बटणं व्हीलवर लाव. ब्रेक बायस अर्धा-एक टक्का पुढे सरकव. थांबायचं अंतर किंचित वाढेल, पण ब्रेक लावताना मागची बाजू गप्प बसेल. टायरचं प्रेशर गरम झाल्यावर, कोरड्या ट्रॅकवर, २६ ते २७ पीएसआयच्या मध्ये आहे का ते चौथ्या-पाचव्या लॅपला बघ. बाकी स्प्रिंग, डॅम्पर, कॅम्बर यांना हात लावायचा नाही. पहिल्या लॅपला प्रीमा व्हेरियान्तेला कुणाच्या मागे असशील तर नेहमीच्या बोर्डाच्या बरंच आधी ब्रेक लाव. दोन जागा जातील. पुढचे तिघे आपटतील, तीन परत मिळतील.

युरोपातल्या सर्व्हरवर खेळतोस का तेही बघ. आपल्याकडून पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) बराच असतो, समोरची गाडी दिसते तिथे नसते, आणि हलका धक्का बसतोच बसतो. असा धक्का एम४ सहन करते, २९६ ला तो पुरतो.

गाडी बदलायची कधी? मी लीगमध्ये एकच कसोटी लावतो. माझ्याकडे येऊन कुणी म्हणाला की "गाडी स्लो आहे", तर मी विचारतो, कुठल्या वळणात, आणि वळणाच्या कुठल्या भागात? "मोंझाच्या लेस्मो दोन वळणातून बाहेर पडताना गाडीची पुढची बाजू बाहेर घसरते, म्हणून आस्कारीपर्यंतच्या सरळ पट्ट्यावर मागे पडतो" असं उत्तर आलं तर त्याला दुसरी गाडी चालवून बघायला सांगतो. "अशीच स्लो वाटते" असं आलं तर तीच गाडी आणखी एक सीझन. तुझ्या लॅपमधलं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत आलं की हे उत्तर तुला आपोआप देता यायला लागेल. तेव्हा २९६ कडे परत जा. आज जी गाडी चावतेय तिचाच उपयोग तेव्हा कळेल.

राहिला डीएलसीचा, म्हणजे गेमसाठी वेगळ्या विकत घ्यायच्या पॅकचा, प्रश्न, तो तू शेवटी एका ओळीत विचारलायस. फेरारी २९६, पोर्शे ९९२ आणि हुराकान इव्हो२ या २०२३ च्या पॅकमधल्या. वेगासाठी म्हणून आणखी कुठलाही गाड्यांचा पॅक सध्या घेऊ नकोस. खर्च करायचाच असेल तर ट्रॅकच्या पॅकवर कर, कारण ट्रॅक नसेल तर त्या सर्व्हरवर जाताच येत नाही. स्पा, माउंट पॅनोरमा, सुझुका यांवर रेस सतत चालू असतात. यातला स्पा मूळ गेममध्येच आहे, बाकीचे दोन इंटरकॉन्टिनेंटल जीटी पॅकमध्ये मिळतात. सेल लागेपर्यंत थांब, स्टीमवर तो वरचेवर लागतो.

तिन्ही रेस झाल्या की सरासरी, अंतर आणि वॉर्निंग हे तीन आकडे प्रत्येक गाडीचे इथे लिही, आणि जमलं तर आस्कारीत शिरतानाच्या पेडलच्या पट्ट्यांचा स्क्रीनशॉट टाक. बायस किती सरकवायचा आणि ट्रॅक्शन कंट्रोल किती ठेवायचं ते मग नेमक्या आकड्यात सांगता येईल.